उघाडी कुठं लावायची

निकेशला बोलायला सगळं जग चालायचं, फक्त घरातली माणसं सोडून. कोइमतूरचा कुणी एक, ज्याचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नव्हतं, त्याच्याशी तो तासतासभर फोनवर 'भाई, भाई' करत बसायचा. पुण्याच्या कुणाला तरी गाडीच्या पोटातले फोटो पाठवून मत मागायचा. दोन दिवस राहायला आलेले पाव्हणे, जे उद्या सकाळी उठून जाणार, त्यांनाही गोठ्यात नेऊन विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं, यातला कुठला लावू?" आणि बहात्तर वर्षांची सख्खी आजी तिथंच पायरीवर सुपारी कातरत बसलेली असायची. तिनं विचारलं, "काय रे, पार्सलात काय आलं?" तर उत्तर ठरलेलं, "आजी, तुला न्हाय समजायचं."

वेणूबाईंना न समजणारी गोष्ट नागावात अजून यायची होती. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण नवरा गेल्यावर वाडी राखली ती त्यांनी. गावात पर्यटक हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता तेव्हा मुंबईच्या एका कुटुंबाला पडवीत गाद्या घालून दिल्या त्यांनी. त्या कुटुंबाची आता तिसरी पिढी येते आणि आल्या आल्या आधी स्वयंपाकघरात डोकावते. हे घर, ही वाडी, मागचा गोठा, सगळं त्यांच्या नावावर होतं, आणि ते कुणाला विसरू द्यायचा त्यांचा विचार नव्हता.

भांडण गोठ्यावरूनच होतं. गुरं जाऊन बरीच वर्षं झाली होती. निकेशनं तिथं एक जुनी चौकोनी पेट्रोल गाडी आणून उभी केली होती, रंग उडालेली, एका बाजूला खरचटलेली. कारखान्यातली पाळी संपली की तो तिच्याखाली शिरायचा आणि जेवायला हाक मारली की फक्त पाय हलवायचा. त्या गाडीच्या इंजिनाला घरच्या घरी टर्बो बसवायचा, हे त्याचं वेड. त्याच्या बापाचं, हरेश्वरचं, वेड वेगळं. त्याला गोठा पाडून पाव्हण्यांसाठी आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या, दिवाळीच्या सुट्टीआधी. गवंडी सोमवारी येणार होता.

"आये, तूच सांग त्याला," हरेश्वर म्हणाला. "वरीस झालं. गाडी अजून गोठ्याबाहेर पडली न्हाय."

"मी रविवारी कार्लेखिंड चढवून दाखवतो," निकेश गाडीखालून म्हणाला.

वेणूबाईंनी निकाल दिला. "रविवारी खिंड चढून, उतरून, स्वतःच्या चाकांवर घरी आली, तर गोठ्याचं बगू. दोरीला बांधून आनलीस, तर सोमवारी गवंडी. आनि बाहेर येऊन बोल. पायांशी बोलायची मला सवय न्हाय."

त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही.

आधी प्रश्न आला मॅनिफोल्डचा. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून निकेशनं दोन वस्तू शेजारी शेजारी मांडल्या. इंजिनाच्या चार भोकांतून निघणारा धूर एकत्र करून टर्बोच्या तोंडात घालायचा, एवढंच दोन्हींचं काम. एक होता बिडाचा, कोल्हापूरकडच्या भट्टीत ओतलेला; बुटका, काळा, खरखरीत, चार आखूड तोंडं एकाच पोटात शिरलेली. बसलेला बेडूकच. दुसरा स्टीलचा, चार लांब चकचकीत नळ्यांचा; गळ्यात गळे घातलेल्या पोरींसारख्या त्या नळ्या वळणं घेत शेवटी टर्बोपाशी एकत्र येत होत्या. बोट लावलं तर ठसा उमटत होता.

पाव्हण्यांनी एकमुखानं स्टीलला मत दिलं. कोइमतूरच्या भाईनंही दिलं. निकेशची आई नेत्रा म्हणाली, "दिसायला हाच बरा दिसतो," आणि भाजी परतायला गेली.

"बिडाचा घे," वेणूबाई म्हणाल्या.

"का?"

"बीड आग धरून ठेवतं. घावन्याचा तवा बग माझा. आनि ही नळकांडी पातळ. लांबून फिरून जाणार, तोवर धूर थंड व्हनार. चूल इथं आनि टोप परसात ठेवल्यावानी."

"आजी, लांब नळ्यांनी ताकद वाढते. प्रत्येक नळी सारख्या लांबीची हाय, धूर एकमेकांच्या अंगावर येत न्हाय. हे शास्त्र हाय. तवा न्हाय."

"मग शास्त्रात घावने कर," म्हणून वेणूबाई उठल्या. बेडूक गोठ्याच्या कोपऱ्यात गेला. निकेशनं स्टीलचा चढवला. पार्सलातून आलेलं एक झाकणासारखं यंत्रही त्याच मॅनिफोल्डला एका बाजूला बसवायला जागा होती, तेही त्यानं बसवलं.

मंगळवारी गाडी सुरू झाली. पहिला आवाज असा आला की माडावरचे कावळे शेजारच्या वाडीत गेले आणि खोली नंबर दोनमधली बाई टॉवेल गुंडाळूनच बाहेर आली. निकेशचा चेहरा नवरदेवासारखा झाला. हरेश्वरसुद्धा दोन पावलं पुढे आला, मग बाप असल्याचं आठवून मागे गेला.

निकेश गाडी घेऊन समुद्राकडच्या मोकळ्या रस्त्यावर गेला आणि अर्ध्या तासात परत आला. नवरदेव कुठंतरी गळून पडला होता.

बुधवारी तो पुन्हा गेला, पुन्हा परतला. काहीतरी उघडलं, आतली स्प्रिंग बदलली, तिसऱ्यांदा गेला. परत आल्यावर गाडी गोठ्यात लावून बोनेटवर हात टेकून उभा राहिला. जेवायला आला नाही. नेत्रानं ताट झाकून ठेवलं. कोइमतूरच्या भाईशी बोलणं झालं, तेही दोनच मिनिटं, आणि ते बोलणं झाल्यावर निकेश जास्तच खचला.

गुरुवारी सकाळी वेणूबाईंनी सुपारीचं तबक बाजूला सारलं, एक पाट उचलला आणि गोठ्यात जाऊन गाडीच्या पुढ्यात घातला. त्यावर बसल्या.

"सांग."

"आजी, तुला..."

"समजलं न्हाय तर माझी अक्कल जाईल, तुझी न्हाय. सांग."

निकेशला दुसरं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. त्यानं सांगितलं. इंजिनातून जो धूर बाहेर जातो तो वाया जातो. टर्बो म्हणजे त्या धुरावर फिरणारा पंखा. त्याच्याच दांड्याला पलीकडे दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त.

वेणूबाईंनी डोळे बारीक केले. "म्हंजे धुरानं पंखा, पंख्यानं वारा, वाऱ्यानं आग, आगीनं आनखी धूर. आनखी धुरानं पंखा आनखी जोरात."

"व्हय. बरोबर."

"मग हे थांबतं कुठं?"

निकेशनं हातातला पाना खाली ठेवला. पाव्हण्यांपैकी एकानंही हे विचारलं नव्हतं.

"तोच तर घोळ हाय," तो हळू म्हणाला. "थांबवायला वेस्टगेट असतं."

"वेस गावाला असते. गाडीला कशाला?"

"वेस न्हाय गं, वेस्टगेट! छोटं दार. दाब ठरल्यापेक्षा वाढला की ते आपोआप उघडतं, जास्तीचा धूर पंख्याला न शिवता बाहेर जातो. मी दाबाचा काटा अर्ध्यावर थांबेल अशी स्प्रिंग घातली. पन काटा अर्ध्यावर थांबतच न्हाय, चढतच जातो. मी पाय काढला म्हणून वाचलं. न्हायतर पिस्टन फुटला असता, आनि दुसरं इंजिन माझ्याकडे न्हाय. हलकी स्प्रिंग घातली, तरी तेच. भाई म्हनतो दार लहान हाय, मोठं मागव. मोठं यायला दहा दिवस."

रविवारला तीन दिवस होते. ते दोघांनाही माहीत होतं.

वेणूबाईंनी कनवटीची सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाल्या, "अरे, ही तर उघाडी."

"काय?"

"उघाडी. तुझ्या पणज्यानं जन्मभर राखली ती."

वेणूबाईंचं माहेर खारेपाटातलं. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथं लांबच लांब मातीचा बांध घातलेला असतो. पण पावसाचं पाणी शेतात साचतं, त्याला बाहेर जायला वाट लागते. म्हणून बांधात एक दार बसवतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोरानं ते बाहेर उघडतं, भरती आली की खाडीच्या जोरानं आपोआप बंद होतं. त्या दाराला म्हणायचं उघाडी. पावसाळ्यात वेणूबाईंचा बाप कांबळं पांघरून बांधावरच असायचा.

"एका साली गावानं उघाडी नवीन केली," वेणूबाई म्हणाल्या. "पंचांनी जागा ठरवली पायवाटेजवळ. का? तर जायला-यायला सोपी. लाकूड सागाचं, दार मोठं, बिजागरी नवी. बाप म्हनाला, इथं नको. कोन ऐकतो? पहिल्याच मोठ्या पावसात दार सताड उघडं, आनि बांधाला खांड पडली. दार उघडं असून बांध फुटला!"

"कसा?"

"ओहोळ होते तीन. दार लावलं त्यातल्या एकाच्या कडेला. त्या एकाचं पानी जायचं थोडंफार. दोघांना दाराचा पत्ताच न्हाय. ते तिघं पुढं जाऊन मिळायचे आनि सरळ बांधावर आदळायचे. पानी धावताना मागं वळून दार शोधत न्हाय, बाबा. मग बापानं तीन ओहोळ मिळतात तिथं, त्यांच्या तोंडासमोर उघाडी घातली. होतं त्याच्या निम्मं दार. त्यानंतर खांड पडली न्हाय." त्यांनी सुपारी गालात सारली. "आता दाखव, तुझं दार कुठं हाय?"

"आजी, पानी वेगळं, धूर वेगळा..." असं म्हणता म्हणता निकेश बोनेटखाली वाकला. त्यानं बॅटरी पेटवली. मग तो तसाच वाकलेला राहिला, इतका वेळ की वेणूबाईंना वाटलं कंबर धरली.

चकचकीत चार नळ्यांपैकी शेवटच्या एका नळीच्या वळणावर, बाहेरच्या बाजूला, हात पोचायला सोप्या जागी वेस्टगेट बसवलेलं होतं. त्या एका नळीचा धूरसुद्धा तिथं पोचायला जवळजवळ उलटा फिरावा लागत होता. बाकी तिन्ही नळ्या पुढे जाऊन टर्बोच्या तोंडाशी मिळत होत्या.

"दार लहान न्हाय," निकेश आतूनच म्हणाला. "तीन नळ्यांना पत्ताच न्हाय."

"मग मी काय गाणं म्हनत होते?"

त्यानं वर बघितलं. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत उजेड होता. मग त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. वेणूबाईंची आधीच गेली होती. काळ्या बेडकाच्या पोटात चारी तोंडं एकत्र येत होती, टर्बोच्या अगदी खाली.

त्याच संध्याकाळी चौलहून रतन वेल्डर आला. माणूस कामाचा, पण कशालाही आधी नाही म्हणणारा. त्यानं बेडूक उलटासुलटा केला. "याच्या पोटाला भोक पाडून त्या दारासाठी स्टीलची मान जोडायची? बीड हाय हे. वेल्डिंग धरेल, आनि थंड होताना टणकन तडकेल. माझ्यावर नाव नको."

"गरम करून मार," निकेश म्हणाला. "निकेलची काडी हाय ना तुझ्याकडे?"

"काडी हाय. पन एवढं गरम एकसारखं कशावर करणार? आनि थंड? वाऱ्यावर ठेवला की गेला."

"रतन, माझ्या चुलाणावर शंभर मानसांचं पानी तापतं," वेणूबाई म्हणाल्या. "हा बेडूक तापनार न्हाय व्हय? थंड व्हायचं माझ्यावर सोड."

"काकी, तुम्ही वेल्डिंग कधी शिकलात?"

"तू तोंड बंद ठेवायला शिकलास की मी शिकते."

शुक्रवारी सकाळी वाडीच्या मागं चुलाण पेटलं. खालून सुक्या झावळ्या आणि करवंट्या, वर बेडूक. पाव्हण्यांना वाटलं आज काही खास बेत आहे. एकानं कोंबडी का म्हणून विचारलंही. निकेशनं भोक आधीच पाडून ठेवलं होतं, मान कशी बसवायची तेही खडूनं आखलं होतं: चारी तोंडांतून आलेला धूर सरळ तिच्यात शिरेल अशी, तिरपी. रतननं चिमट्यानं बेडूक धरून काडी मारली, पुन्हा निखाऱ्यावर ठेवली, पुन्हा मारली. एकदा सवयीनं त्याचा हात पाण्याच्या बादलीकडे गेला आणि वेणूबाईंनी बादलीच पायानं उलटी केली.

"हात मोडीन."

"चुकलो काकी."

मग वेणूबाईंनी राखेचा ढीग उघडला. चुलीची आठवडाभराची राख, तीही निखाऱ्यांनी तापवलेली. त्यात बेडूक पुरला, वर भाताचा तूस आणि त्यावर पुन्हा राख. बाजूला खुर्ची टाकून त्या बसल्या.

दुपारी निकेश आला. "आजी, झाला असेल."

"न्हाय."

चारला आला. "जरा बोट लावून बघू?"

"लाव. मग त्या बोटानं गाडी कशी चालवतोस ते मी बघते."

हरेश्वर तिकडून जाताना म्हणाला, "आये, गोठ्याचा निकाल तूच देनार, आनि मदतही तूच करनार. हा कसला न्याय?"

"ज्याचा निकाल द्यायचा, त्याला निदान गाडी तरी असूदे," वेणूबाई म्हणाल्या. "बिनगाडीचा निकाल काय द्यायचा?"

शनिवारी उजाडल्यावर राख बाजूला केली. निकेशनं बेडूक दोन्ही हातांत घेतला. कोमट होता. वेणूबाईंनी तो ओट्यावर ठेवायला लावला आणि पळीच्या दांड्यानं एकदा वाजवला, बाजारात मडकं वाजवून घेतात तसा. स्वच्छ, लांब आवाज आला. दुसऱ्या बाजूनं वाजवला. तोच.

"तडा न्हाय," त्या म्हणाल्या. रतननं कान पुढे केला, मान हलवली आणि प्रथमच कबूल केलं, "माझंच काम हाय ते. चांगलंच असनार."

रात्रीपर्यंत निकेशनं स्टीलचा उतरवून बेडूक इंजिनावर चढवला आणि त्याच्या मानेवर वेस्टगेट बसवलं. रविवारी पाऊस नव्हता. सकाळीच निकेशनं गाडी बाहेर काढली, आणि बघतो तर वेणूबाई नऊवारी खोचून, डोक्याला रुमाल बांधून गाडीच्या दाराशी उभ्या.

"तू कुठं?"

"काट्याकडे कोन बघनार? तू रस्ता बघशील का काटा?"

निकेशनं दार उघडून दिलं. त्यानं काट्याच्या काचेवर, जिथं थांबायला हवं तिथं, कुंकवाचं बोट लावून दिलं. अलिबाग मागं पडलं तशी वेणूबाईंनी बाहेर बघणं सोडलं. खिंडीचा चढ लागला. पुढे रस्ता रिकामा होता.

"दाबू?"

"मला काय विचारतोस? पाय तुझा हाय."

निकेशनं पाय दाबला. पाठीला सीट लागली. वेणूबाईंनी दाराची मूठ धरली, पण डोळा काट्यावरून हलला नाही. काटा उठला. पाव भाग ओलांडला. कुंकवाजवळ आला. मागच्या वेळी इथंच तो थांबला नव्हता. निकेश ओठ चावत होता. वळण आलं, चढ आणखी उभा झाला, काटा कुंकवाला टेकला आणि त्याच क्षणी गाडीखालून असा कर्कश आवाज फुटला की समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काय झालं? आजी, काटा!"

"थांबला!" वेणूबाई ओरडल्या. "अरे, थांबला! उघाडी उघडली!"

"थांबला?"

"कुंकवावर बसलाय, हलत न्हाय! दाब अजून!"

त्यानं दाबला. काटा थरथरला आणि तिथंच राहिला. खिंड कधी चढली ते कळलं नाही. वर गाडी कडेला घेऊन निकेश खाली उतरला, बोनेट उघडून बेडकाकडे बघत राहिला आणि मग उगाच हसत सुटला. वेणूबाई उतरल्या नाहीत. काटा खाली येऊन बसेपर्यंत त्या त्याच्यावरच डोळा ठेवून होत्या.

खिंड उतरताना मात्र त्यानं आगाऊपणा केला. पुढे दोन पर्यटकांच्या गाड्या हळू चालल्या होत्या. वेणूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊदे, जाऊदे त्यांना." त्यानं वळण संपायच्या आत दोघांनाही मागे टाकलं.

घरी पोचले तेव्हा हरेश्वर मोजपट्टी खिशात घालून फाटकात उभा होता. नेत्रा, रतन, खोली नंबर दोनमधली बाई, सगळे आले. गाडी स्वतःच्या चाकांवर आत शिरली आणि गोठ्यात जाऊन थांबली. हरेश्वरनं आईकडे बघितलं. निकेश गाडीतून उतरला आणि आजीच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

वेणूबाई सावकाश उतरल्या. रुमाल सोडून पदर नीट केला. आधी मुलाकडे वळल्या. "मोजपट्टी आत ठेव. खोल्या पुढच्या साली माडीवर काढ."

मग नातवासमोर उभ्या राहिल्या.

"गाडी पास. बेडूक पास. गोठा तुझा. तू मात्र काठावर पास हायस, निकेश, त्या वळणावर दोन गाड्या मागं टाकल्यास म्हनून. पुन्हा तसं केलंस, तर गवंडी मी स्वतः बोलवीन. आता ह्या चेहऱ्यावरची काजळी धू, आनि माझ्या चुलाणाजवळची राख कोन उचलनार, तेही बग."